२३३७, वेस्ट मनरो

भाचीनं मला नकाशा काढून दिला तो पटेल ब्रदर्सच्या बिलाच्या पाठीवर. एका बाजूला भेंडी, कढीपत्ता आणि जाड पोह्यांचा हिशेब. दुसऱ्या बाजूला नेपरविलहून सुटणारी गाडी, युनियन स्टेशन, तिथून थोडं चालत क्लिंटन, मग ब्लू लाइन आणि शेवटी वेस्टर्न. वेस्टर्नच्या पुढे तिनं नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"पुढचं मला माहीत नाही, मामा. सतरा वर्षांत कधी उतरलेच नाही तिथे. आणि तू बघणार काय? मी फोनवर पाहिलं, साधी घरं आहेत."

"तीच बघतो."

"अंधाराच्या आत परत फिर म्हणजे झालं. वेस्ट साइड आहे ती."

हे वाक्य त्या पंधरा दिवसांत मी पाच-सहा जणांकडून ऐकलं. मंडळाच्या दिवाळीत भेटलेली ही सगळी माणसं सज्जन, आग्रह करकरून चकली वाढणारी. पण 'वेस्ट साइड' म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. पत्ता सांगितला की समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. त्यामुळे ती काळजी मी चकलीबरोबर ऐकून घेतली आणि नकाशा खिशात ठेवला.

शिकागोत पत्ता शोधणं मुंबईच्या माणसाला पोरखेळ वाटतो. स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे शून्य. तिथून आठशे आकडे मोजले की एक मैल. २३३७ वेस्ट मनरो म्हणजे शून्यापासून पश्चिमेला तीन मैलांना थोडं कमी आणि मॅडिसनच्या एक रस्ता दक्षिणेला. वडाच्या झाडासमोर, गिरणीच्या मागे, असली भानगड नाही. पोस्टमनला सुख, आणि ज्याला कुणाच्या दारावर पहाटे जायचंय त्यालाही.

दुसरी गंमत म्हणजे इथल्या तपकिरी पाट्या. रस्त्याचं मूळ नाव तसंच ठेवून त्याच्या एखाद्या तुकड्याला कुणाचं तरी मानाचं नाव द्यायचं, अशी या शहराची पद्धत आहे. अशा पाट्या हजाराहून जास्त आहेत. डेव्हन अव्हेन्यूवर भाचीबरोबर भाजी आणायला गेलो, तर त्या एकाच रस्त्यावर गांधी, जिना आणि गोल्डा मेयर अशी तिघांची नावं निघाली. इतिहासात जे जमलं नाही ते शिकागोच्या नगरसेवकांनी तीन खांबांवर जमवलंय. मिशिगन अव्हेन्यूच्या एका तुकड्याला १९९५पासून स्वामी विवेकानंदांचं नाव आहे. 'प्लेबॉय'वाल्या ह्यू हेफनरचीही पाटी आहे, त्याच मिशिगन अव्हेन्यूच्या कोपऱ्याला. म्हणजे मान देताना शहर फार कडक सोवळं पाळत नाही.

विवेकानंदांची पाटी बघायला गेलो म्हणून समोरच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्येही शिरलो. ११ सप्टेंबर १८९३ला त्यांचं भाषण याच इमारतीत झालं. आपल्या मुंबईच्या चित्रकार जितीश कल्लाटनं २०१०मध्ये ते सगळं भाषण इथल्या मोठ्या जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. अक्षरांचे रंग पाच: तांबडा, नारिंगी, पिवळा, निळा, हिरवा. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानं २००१नंतर धोक्याची पातळी सांगायला जे रंग ठरवले, तेच. सहिष्णुतेचं भाषण आणि त्याचे शब्द संशयाच्या रंगात. त्या जिन्यावर थोडा वेळ उभा राहिलो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लू लाइन पकडली.

पँथर हा शब्द मी प्रथम वाचला तो चाळीच्या भिंतीवर, चुन्यानं लिहिलेला. अकरा वर्षांचा होतो. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या दलित पँथरला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. हे नाव त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या पक्षाकडून घेतलंय, एवढं मोठ्या मुलांच्या बोलण्यातून कळायचं. ५ जानेवारी १९७४ला आमच्याकडे पँथरची सभा होती. दगड आले, मग लाठ्या आल्या. आईनं खिडक्या लावून घेतल्या आणि स्टोव्हसुद्धा पेटवला नाही, आवाज नको म्हणून. १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव हा कार्यकर्ता वरून टाकलेल्या दगडानं गेला. पुढे न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग बसला.

पण मला त्या जानेवारीतलं जे आठवतं ते वेगळंच आहे. बीडीडी चाळींत पोलिसांचीही बिऱ्हाडं होती. आमच्या ओळखीचे एक हवालदार होते. त्यांच्या घरून दिवाळीला फराळाचं ताट यायचं, आमच्या घरून नागदिवाळीला जायचं. दंगलीनंतर मोठी माणसं त्यांच्यासमोर बोलताना थांबू लागली. त्यांनी काही केलं होतं असं कुणी म्हणत नव्हतं. पण कुठल्या खोलीत कोण झोपतं, हे त्यांना माहीत होतं. ताटं थांबली नाहीत, गप्पा थांबल्या.

ब्लू लाइनचा हा फाटा आयझेनहॉवर एक्सप्रेसवेच्या पोटातून जातो. मध्ये रूळ, दोन्ही अंगांना चार-चार रांगांनी पळणाऱ्या गाड्या. डब्यात माझ्यासमोर इस्पितळाच्या निळ्या कपड्यांतली एक बाई डुलक्या घेत होती. इलिनॉय मेडिकल डिस्ट्रिक्ट आलं तशी न चुकता जागी होऊन उतरली. मी खिडकीतून रस्त्याकडे बघत होतो, कारण विल्यम ओ'नील याच रस्त्यावर मेला. १५ जानेवारी १९९०, पहाटेची वेळ. धावत मध्ये आला आणि गाडीखाली गेला. आत्महत्या अशी नोंद झाली. वय चाळीस. त्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंगच्या नावाची सुट्टी होती.

ओ'नील हा या हकिगतीतला नकाशा काढणारा माणूस. पोरवयात गाडी चोरताना सापडला आणि रॉय मिचेल नावाच्या एफबीआयच्या माणसानं त्याला हेरलं. गुन्हा मिटवू, तू आमचं काम कर. १९६८च्या अखेरीस शिकागोत ब्लॅक पँथरचं कार्यालय उघडलं, तेव्हा आत शिरणाऱ्या पहिल्या पोरांमध्ये हा होता. लवकरच तो सुरक्षाप्रमुख झाला. म्हणजे खबऱ्या कोण आहे ते शोधण्याचं काम त्याच्याकडेच.

एफबीआयच्या या उद्योगाला कोइंटेलप्रो म्हणत. १९५६ला कम्युनिस्टांपासून सुरुवात आणि ऑगस्ट १९६७पासून काळ्यांच्या संघटना. काळ्या जनतेला एकत्र आणील असा 'मसीहा' उभा राहू द्यायचा नाही, असं एफबीआयचा प्रमुख एडगर हूव्हर याच्या कार्यालयानं मार्च १९६८मध्ये लेखी कळवलं होतं. नुसती पाळत नव्हे, काड्या करणंही होतं. शिकागोतल्या ब्लॅकस्टोन रेंजर्स या टोळीचा म्होरक्या जेफ फोर्ट याला १९६९च्या सुरुवातीला एक निनावी पत्र गेलं: पँथर तुझ्या जिवावर उठलेत. पत्राखाली 'एक काळा बंधू'. लिहिणारे एफबीआयचे. दोन्हीकडच्या हातांत बंदुका होत्या, हे ठाऊक असताना लिहिलेलं. आणखी एक गोष्ट मला समजायला वेळ लागला. पँथर शाळकरी मुलांना सकाळी फुकट न्याहारी द्यायचे, आणि हूव्हरला सगळ्यात जास्त खुपायची ती न्याहारी. बंदूकवाल्याला बदनाम करणं सोपं असतं, पोरांना खाऊ घालणाऱ्याला कठीण.

वेस्टर्नला उतरून मी उत्तरेकडे चालू लागलो. नोव्हेंबरचं ऊन, वारा मात्र कानशिलं सोलणारा. तिकडे मॅडिसनवर मायकल जॉर्डनवाल्या बास्केटबॉलचं प्रचंड युनायटेड सेंटर आहे. त्याच रस्त्यावर २३५० क्रमांकाला पँथरचं कार्यालय होतं. रस्त्यात कुणी मला त्रास दिला नाही. पानं गोळा करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, मी तीनदा त्याच घरांवरून गेलो तेव्हा, काय हवंय विचारलं. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, ते घर पाडलं. मग झाडू टेकवून, "फ्रेडसाठी आलात?" असं विचारलं. त्यांनी ते ज्या सुरात म्हटलं, त्यावरून वाटलं असतं की फ्रेड आत्ताच कोपऱ्यावरच्या दुकानात गेलाय.

फ्रेड हॅम्प्टन गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. इलिनॉय पँथरचा अध्यक्ष. बोलायला उभा राहिला की समोरच्यांना खुर्चीत बसवत नसे. त्याचं खरं कर्तृत्व मला भाषणांपेक्षा त्याच्या जमवाजमवीत दिसतं. प्वेर्तो रिकन पोरांची यंग लॉर्ड्स, आणि दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून आलेल्या गरीब गोऱ्यांची यंग पेट्रिअट्स (हे गोरे जाकिटावर गुलामगिरीवाल्या दक्षिणेचं निशाण लावायचे!) यांना त्यानं काळ्या पँथरांबरोबर एका बाकावर बसवलं. घरभाडं, दवाखाना, पोलिसांचा मार, हे तिघांचंही सारखंच आहे म्हणून. त्या युतीला रेनबो कोअलिशन म्हणत. नाव पुढे दुसऱ्यांनी वापरलं.

४ डिसेंबर १९६९, पहाटे पावणेपाच. सरकारी वकील एडवर्ड हॅनरहन यांच्या कार्यालयाकडचे चौदा पोलीस २३३७च्या तळमजल्यावर आले. बेकायदा शस्त्रांच्या झडतीचं वॉरंट होतं. घरात बंदुका होत्या, हे खरं. तीन आठवड्यांपूर्वी शहरात झालेल्या एका चकमकीत दोन पोलीस आणि एक पँथर मेले होते, हेही खरं, आणि पोलीस खात्यातला राग त्यातून समजतो. त्या चकमकीच्या वेळी हॅम्प्टन शिकागोत नव्हता, कॅलिफोर्नियात होता. दाराशी बंदूक घेऊन बसलेला पिओरियाचा मार्क क्लार्क, वय बावीस, पहिल्या क्षणातच मेला. मग भिंतींतून गोळ्या आल्या. हॅम्प्टन मागच्या खोलीत झोपला होता, शेजारी त्याची होणारी बायको डेबरा जॉन्सन, साडेआठ महिन्यांची गरोदर. तो उठलाच नाही. एका तपासणीत त्याच्या रक्तात गुंगीचं औषध सापडलं, एफबीआयच्या तपासणीत नाही. तो वाद अजून आहे. डेबराला बाहेर काढल्यावर आत दोन गोळ्या वाजल्या, आणि आता हा नक्की मेला अशा अर्थाचं कुणीतरी बोललं, असं तिनं नंतर सांगितलं. पंचवीस दिवसांनी तिला मुलगा झाला.

पँथरांनी पोलिसांवर गोळीबार केला, अशी बातमी सकाळी शहरभर होती. पण पोलिसांच्या हातून एक चूक झाली. घराला सील ठोकायचं राहिलं. पँथरांनी ते लोकांना बघायला उघडलं. या फुटपाथवर, मी उभा होतो तिथे, डिसेंबरच्या थंडीत रांगा लागल्या. म्हाताऱ्या बायका, शाळेची पोरं, हजारोंनी आत जाऊन भिंती बघून आले. हे उत्तरेकडचं लिंचिंग आहे, असं एक वयस्क बाई बाहेर पडताना म्हणाली. शिकागो ट्रिब्यूननं पँथरांच्या गोळ्यांची भोकं म्हणून फोटो छापले. प्रतिस्पर्धी पत्राच्या वार्ताहरांनी जाऊन पाहिलं, तर ती भोकं नव्हती, खिळ्यांची डोकी होती. पुढे केंद्रीय ग्रँड ज्युरीनं हिशेब केला. पोलिसांच्या गोळ्या किमान ८२, कमाल ९९. पँथरांची एक.

भाचीच्या नकाशावर जिथे प्रश्नचिन्ह होतं, तिथे मी पोहोचलो होतो. आणि मला त्या दुसऱ्या नकाशाची आठवण झाली. ओ'नीलनं दिलेल्या माहितीवरून २३३७चा आराखडा काढला गेला होता. दारं, खिडक्या, सोफा, पलंग. हॅम्प्टन आणि जॉन्सन झोपतात ती खोली त्यावर लिहून दाखवली होती. मिचेलनं तो हॅनरहनच्या माणसांकडे पोहोचवला. छाप्यानंतर ही माहिती फार मोलाची ठरली असं वर कळवून ओ'नीलसाठी ३०० डॉलर बक्षीस मंजूर करून घेतलं. पाळत आणि गोळीबार हे आपण दोन वेगळे विषय समजतो, एक फायलीचा आणि एक रस्त्यावरचा. त्या कागदावर ते एकच आहेत. पलंगाचा चौकोन काढला, तिथे निम्मं काम झालं. आणि तो चौकोन काढायला त्या घरात जेवलेलाच माणूस लागतो, बाहेरच्याला पलंग दिसत नाही.

हे सगळं बाहेर आलं ते सरकारला पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. ८ मार्च १९७१च्या रात्री, महंमद अली आणि फ्रेझरच्या सामन्याकडे देशाचं लक्ष असताना, पेन्सिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावी काही सामान्य माणसांनी एफबीआयच्या कचेरीचं कुलूप तोडून कागद पळवले आणि वर्तमानपत्रांना पाठवले. ती माणसं कधीच पकडली गेली नाहीत. शिकागो पोलिसांचं पाळत ठेवणारं पथक, ज्याला रेड स्क्वाड म्हणत, ते जास्त व्यवहारी निघालं. आपल्यावर खटला भरला जाणार असं कळताच त्यांनी १९७४मध्ये १,०५,००० व्यक्तींच्या आणि १,३०० संस्थांच्या फायली नष्ट केल्या. ओ'नील खबऱ्या होता हे १९७३मध्ये उघड झालं, तेही दुसऱ्याच एका खटल्यात.

हॅम्प्टनच्या घरच्यांनी आणि वाचलेल्यांनी भरलेला दिवाणी दावा बारा-तेरा वर्षं चालला. पीपल्स लॉ ऑफिसचे तरुण वकील, कायद्याचं शिक्षण संपल्या-संपल्या या कामाला लागलेले, आणि समोर कागद दडवून ठेवणारं सरकार. अखेर १९८२मध्ये साडेअठरा लाख डॉलरवर तडजोड झाली. केंद्र सरकार, कुक काउंटी आणि शिकागो शहर, तिघांनी सारखे वाटून भरले. मारल्याबद्दल एकाही माणसाला एक दिवसाचीही कैद झाली नाही. हॅनरहन १९७२ची निवडणूक मात्र हरले, काळ्या मतदारांनी पाठ फिरवली म्हणून. तिथून शहराचं राजकारण जे फिरलं, त्यातून १९८३ला शिकागोला पहिला काळा महापौर मिळाला. हॅम्प्टनचा सहकारी बॉबी रश पुढे तीस वर्षं अमेरिकेच्या संसदेत बसला.

मी खांबांवर तपकिरी पाटी शोधली. मला दिसली नाही. १९९०मध्ये शहराच्या सभागृहानं ४ डिसेंबर हा 'फ्रेड हॅम्प्टन दिवस' म्हणून पाळायचा ठराव केला होता. पण २००६मध्ये मनरोच्या या तुकड्याला त्याचं नाव द्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा पोलिसांची संघटना खवळली आणि प्रस्ताव बारगळला. दिवस चालतो, कारण तो संध्याकाळी संपतो. पाटीखालून पोलिसांच्या गाडीला रोज जावं लागतं.

म्हाताऱ्या गृहस्थांना नमस्कार केला. ते म्हणाले, "मेवूडला जा. तिकडे आहे तो."

परत ब्लू लाइन, शेवटच्या फॉरेस्ट पार्कपर्यंत. तिथून बसनं डेस प्लेन्स नदी ओलांडली की मेवूड. हॅम्प्टन इथे वाढला. आई-वडील लुइझियानातून आलेले, जवळच्या स्टार्चच्या कारखान्यात कामाला. लहानपणचं घर अजून उभं आहे. २०२२मध्ये गावानं ते ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर केलं. याच गावात त्याच्यावर आइस्क्रीमच्या गाडीतला माल लुटून पोरांना वाटल्याचा गुन्हा लागला होता. किंमत ७१ डॉलर, शिक्षा दोन ते पाच वर्षं. मारला गेला तेव्हा तो अपिलाच्या जामिनावर बाहेर होता.

आणि इथेच पँथर होण्याआधी, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या युवक शाखेत असताना, त्यानं पोहण्याच्या तलावासाठी मोर्चे काढले होते. शेजारच्या गोऱ्या गावांच्या तलावांत मेवूडच्या काळ्या मुलांना मज्जाव होता. आपल्या गावात आपला तलाव हवा, एवढीच मागणी. आम्हां महाडच्या तळ्याच्या गोष्टीवर वाढलेल्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. तलाव झाला. त्याला आता हॅम्प्टनचंच नाव आहे, आणि बाहेर त्याचा अर्धपुतळा.

मी पोहोचलो तेव्हा दिवे लागत होते. थंडीमुळे तलाव बंद, जाळीच्या कुंपणापलीकडे निळा रिकामा हौद. पुतळ्याच्या खांद्यावर वाळकी पानं साचली होती. कोपऱ्यावरच्या खांबावर रस्त्याचं नाव वाचत होतो, तेवढ्यात भाचीचा फोन आला.

"अंधार पडलाय मामा. कुठे आहेस तू?"

"फ्रेड हॅम्प्टन वे."

ती थांबली. शोधत असावी.

"शिकागोत असा रस्ता नाहीये."

"शिकागोत नाही. मेवूडमध्ये आहे."